मुंगीची उडी

माझ्या मुंगीच्या खेळाची मूळ फाइल आता माझ्याकडे नाही. २००७ मध्ये मी तो फ्लॅशमध्ये, म्हणजे वेबसाठी हलती चित्रं आणि खेळ करायच्या प्रोग्राममध्ये, केला होता. एक मुंगी, तोंडात दाणा, आणि समोर उभी चढत जाणारी भिंत. भिंतीला भेगा, भेगांतून ठिबकणारं पाणी, मधूनच आडवी येणारी पाल. बारा भिंती पार केल्या की वारूळ. एवढाच खेळ. ज्या संगणकावर तो केला, त्याची हार्ड डिस्क दोन वर्षांत गेली. तिच्याबरोबर चित्रं, त्यांचे थर म्हणजे लेअर, फ्रेमांचा क्रम म्हणजे टाइमलाइन, माझ्या टिपा, सगळं असलेली ती फाइलही गेली. उरली ती फक्त खेळायला तयार अशी एसडब्ल्यूएफ फाइल, १८४ किलोबाइटची. तेव्हा मला त्याचं फारसं वाटलं नाही. खेळ चालत होता, लोक खेळत होते, मग आणखी काय हवं!

१२ जानेवारी २०२१ पासून, ब्राउझरमध्ये असे खेळ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरने स्वतःच काहीही चालवायला नकार दिला. तारीख अचानक आली नव्हती. फ्लॅशची तेव्हाची मालक कंपनी अडोबीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की २०२० संपलं की फ्लॅश संपणार. साडेतीन वर्षं हाताशी होती आणि मी काही केलं नाही. त्या आठवड्यात मी खेळाचं पान उघडलं तर मुंगीच्या जागी रिकामा चौकोन. चौदा वर्षं रोज कुणी ना कुणी त्या भिंतीवर चढत होतं, आणि आता भिंतच नव्हती. मला तो चौकोन बघवला नाही.

मग ठरवलं, खेळ पुन्हा लिहायचा. कुठल्याही प्लगइनशिवाय, म्हणजे बाहेरून जोडलेल्या प्रोग्रामशिवाय, ब्राउझरच्या अंगात मुळातून जे आहे तेवढ्यावरच. नोकरी सांभाळून रात्रीचे दोन-दोन तास असे तीन महिने गेले. ब्राउझरमधल्या खेळांचा इतिहास मी त्याआधी वाचला होता, पण तो हाताखालून गेला तो या तीन महिन्यांत. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात डीकंपायलरपासून. तयार एसडब्ल्यूएफ फाइल उलगडून आत काय होतं ते दाखवणारी ही अवजारं असतात. चित्रं जशीच्या तशी निघाली, कारण फ्लॅशची चित्रं ठिपक्यांची नसून रेषांची असतात. रेषेची टोकं, तिचा बाक, आतला रंग, सगळं गणितात साठवलेलं. आवाज निघाले. कोडही निघाला, पण फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची नावं पुसली गेली होती आणि त्यांच्या जागी नुसते क्रमांक होते. ‘वेग’ कुठला, ‘उतार’ कुठला, ते आकडे बघून ओळखायचं. टिपा तर एकही नाही. आपणच लिहिलेलं पत्र कुणी नावं खोडून परत पाठवावं तसं वाटलं.

पहिल्याच फ्रेमवर एक तपासणी सापडली, जी मी साफ विसरले होते: खेळ अमुक एका वेबसाइटवरून चालतो आहे का? नसेल तर पुढे जाऊ नकोस. याला आम्ही साइटलॉक म्हणायचो. त्या काळात खेळांची पोर्टलं फ्लॅश खेळ करणाऱ्यांना एकरकमी पैसे द्यायची आणि बदल्यात सुरुवातीच्या पडद्यावर स्वतःचं बोधचिन्ह आणि ‘आणखी खेळ’ असं बटण लावायला सांगायची. एसडब्ल्यूएफ ही एकच फाइल असल्यामुळे कुणीही उचलून आपल्या साइटवर ठेवू शके. खेळ असा पसरला की बोधचिन्हही पसरे, आणि पोर्टलला तेच हवं असे. काही जणांना मात्र खेळ फक्त स्वतःकडे हवा असे, त्यांच्यासाठी हे कुलूप. ज्या पोर्टलसाठी मी ते लावलं, तिथे आता नुसता रिकामा चौकोन उरला होता. कुलूप मात्र तसंच होतं.

आता थोडं मागे जाते, कारण फ्लॅश मुळात काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ब्राउझरमध्ये खेळ चालवायची पहिली मोठी सोय म्हणजे जावा ॲप्लेट, १९९५ मधली. पानावर करडा चौकोन यायचा, जावा जागं व्हायची वाट बघायची, आणि मग काहीतरी हलायला लागायचं. ते सगळं प्रोग्रामरांचं राज्य होतं. त्यात मोठी कामं झालीच नाहीत असं कोण म्हणेल? २००१ मध्ये आलेला रूनस्केप हा खेळ जावावरच उभा होता. एकाच जगात हजारो माणसं आणि हातात फक्त ब्राउझर. पण चित्र काढणाऱ्या माणसाला ॲप्लेटमध्ये शिरायला दार नव्हतं. ॲप्लेट आले त्याच वर्षी, १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप या ब्राउझर करणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइकने दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना लिहिला होता, तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. तिच्या वाट्याला बराच काळ किरकोळ कामंच आली: फॉर्ममधली चूक दाखव, चित्रावर माऊस आला की चित्र बदल.

फ्लॅशचा जन्म वेगळ्या घरातला. जोनाथन गे या प्रोग्रामरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये फ्यूचरवेव्ह नावाची कंपनी काढली आणि स्मार्टस्केच नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम केला. तो होता पडद्यावर पेनने लिहायच्या संगणकांसाठी. ते संगणक बाजारात रुजलेच नाहीत. मग स्मार्टस्केच साध्या संगणकांवर आला, त्याला हलणाऱ्या चित्रांची जोड मिळाली आणि १९९६ मध्ये त्याचा फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर झाला. ब्राउझरमध्ये चित्र हलवण्यासाठी त्यांनी आधी जावा वापरून पाहिलं होतं आणि ते फारच संथ निघालं. नंतर नेटस्केपने बाहेरच्या प्रोग्रामना ब्राउझरच्या पानात जागा देणारी प्लगइनची सोय आणली, आणि मार्ग मोकळा झाला. मॅक्रोमीडियाने ही कंपनी विकत घेऊन नाव ठेवलं फ्लॅश.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की फ्लॅश आधी पेन्सिल होता, मग पडदा झाला आणि शेवटी भाषा झाला. खेळ लिहिण्याजोगी कोडची ताकद त्यात १९९९ च्या फ्लॅश ४ मध्ये आली, आणि ॲक्शनस्क्रिप्ट हे नाव २००० मधल्या फ्लॅश ५ बरोबर. म्हणजे ज्यांनी चित्रांसाठी तो हातात धरला होता, त्यांच्या हातात एके दिवशी भाषा आली. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. मी चित्रं काढणारी. प्रोग्रामिंग शिकायचं असं कधी मनातही नव्हतं. मुंगी काढली, तिचे सहा पाय वेगवेगळ्या लेअरवर ठेवले, आठ फ्रेममध्ये चालवली. मग मुंगीवर क्लिक करून, त्या मुंगीवरच, एक ओळ लिहिली: प्रत्येक फ्रेमला, उजवा बाण दाबलेला असेल तर तुझी आडवी जागा पाचने वाढव. चालवून बघितलं. मी काढलेली मुंगी माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर चालली. त्या रात्री मी तिला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरवत बसले होते. भिंत वगैरे सगळं नंतर सुचलं.

त्या वर्षांत असं कितीजणांचं झालं असेल! २००३ मध्ये याकुब द्वोर्स्कीचा सामोरोस्ट आला, शेवाळ आणि ओंडक्यांची छायाचित्रं जोडून केलेलं जग. २००६ मध्ये लाइन रायडर: तुम्ही रेघ ओढायची आणि एक छोटा माणूस घसरगाडीवरून त्या रेघेवर घसरत जाणार. तो बोश्तयान चादेझ या स्लोव्हेनियातल्या विद्यार्थ्याने केला होता. २००७ मध्ये डेस्कटॉप टॉवर डिफेन्स. टॉम फल्पच्या न्यूग्राउंड्स या साइटवर कुणीही आपला खेळ चढवावा आणि बघणाऱ्यांनी मत देऊन तो ठेवायचा की काढायचा हे ठरवावं. यातल्या बऱ्याच खेळांत एका माणसाचा हात दिसतो. रेषा त्याची, विनोद त्याचा, उडीतला हलकेपणाही त्याचाच. एकाच माणसाने एकाच खिडकीत बसून चित्र आणि वागणं दोन्ही घडवलं की ते तसं होतं, असं माझं मत आहे.

आता पुन्हा माझ्या तीन महिन्यांकडे.

ब्राउझरमध्ये आज चित्र काढायचं तर कॅनव्हास. ॲपलने २००४ मध्ये मॅकच्या डॅशबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रामांसाठी तो आणला आणि मग बाकीच्या ब्राउझरांनी उचलला. पुढे तो एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या, मानकाचा भाग झाला. कॅनव्हास ही शुद्ध पाटी आहे. मुंगी काढली की पाटीवर उरतात ते रंगाचे ठिपके. ती मुंगी होती हे पाटीला ठाऊक नसतं. पुढच्या क्षणी ती जरा पुढे दाखवायची तर पाटी पुसायची आणि भिंत, पाणी, पाल, मुंगी, सगळं पुन्हा काढायचं, सेकंदाला साठ वेळा. फ्लॅशच्या रंगमंचावर प्रत्येक वस्तू जिवंत असायची. तिला नाव असायचं, जागा असायची, कोण पुढे कोण मागे हे ठरलेलं असायचं, आणि तिच्या पोटात तिची स्वतःची टाइमलाइन चालायची. माझ्या पालीच्या पोटात शेपटीची वेगळी टाइमलाइन होती. पाल दबा धरून बसली तरी शेपटी वळवळत राहायची, आणि त्यासाठी मी एक अक्षरही कोड लिहिला नव्हता. आता त्या वळवळीसाठी कोडचा लहानसा वर्ग, म्हणजे क्लास, लिहावा लागला: कितवी फ्रेम, किती वेळ, कुणाच्या सापेक्ष. लिहिताना मला सारखं वाटत होतं की मी फ्लॅशचाच एक तुकडा हाताने परत बांधते आहे.

टक्कर हा दुसरा प्रकार. मुंगी पालीला लागली का? फ्लॅशमध्ये हिटटेस्ट नावाची एक हाक होती. नुसती दिली तर ती दोन्ही वस्तूंभोवतीच्या चौकटी एकमेकींना लागतात का ते सांगायची. एखादा बिंदू देऊन विचारलं तर तो बिंदू चित्राच्या खऱ्या आकारात आहे का ते सांगायची. पालीची शेपटी वळलेली, म्हणजे चौकटीत निम्मी जागा रिकामी. चौकटीवर भागवलं असतं तर मुंगी हवेतच मेली असती. म्हणून मी मुंगीचे तीन बिंदू ठरवले होते, डोकं, पोट आणि दाणा, आणि तिन्हींसाठी विचारायचे. कॅनव्हासमध्येही बिंदू मार्गाच्या, म्हणजे आखलेल्या आकाराच्या, आत आहे का ते विचारता येतं, पण तो मार्ग तुम्ही स्वतः बांधलेला हवा. शेवटी मी पालीवर अदृश्य अशी सहा वर्तुळं बसवली. काम झालं. पण जुन्या खेळात दाणा शेपटीच्या वळणातून नुसता घासून जायचा आणि श्वास रोखला जायचा, तो थरार वर्तुळांत जरा बोथट झाला आहे, हे मी मान्य करते.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते वेळेवर. फ्लॅशमध्ये वेळ म्हणजे फ्रेम. मी सेकंदाला २४ फ्रेम ठरवल्या होत्या आणि सगळे आकडे त्या हिशेबाने बसवले होते: उडीचा पहिला झटका एवढा, दर फ्रेमला खाली ओढ एवढी. ब्राउझरमध्ये पुढचं चित्र काढायची वेळ झाली की ब्राउझरच तुम्हाला हाक मारतो. ही सोय २०१० च्या आसपास आली, आणि त्याआधी लोक टायमर लावून भागवायचे, तेव्हा चित्र कधी धावायचं, कधी अडखळायचं. ही हाक पडद्याच्या गतीने येते. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण १४४ वेळा ताजे होणारे पडदेही आहेत. मी पहिली आवृत्ती एका मैत्रिणीला दाखवली, तिच्याकडे तसा पडदा होता. मुंगी भिंतीवरून गोळीसारखी सुटली.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे मधे किती वेळ गेला ते मोजायचं आणि प्रत्येक वेग त्याने गुणायचा. मी तेच केलं, आणि चुकले. ओढ प्रत्येक पायरीला वेगात मिळते आणि वेग प्रत्येक पायरीला जागेत मिळतो. पायऱ्या लहान-मोठ्या झाल्या की बेरीज बदलते, म्हणजे उडीची उंचीच बदलते. एका पडद्यावर मुंगी फटीपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्यावर नाही, हे खेळात चालणारच नाही. शेवटी खेळाचं आतलं घड्याळ पुन्हा सेकंदाला २४ पायऱ्यांवर बांधलं आणि पडदा कितीही वेगाने मागो, दोन पायऱ्यांमधली जागा नुसती चित्रापुरती भरून काढली. आत २००७, बाहेर आजचा पडदा.

आवाजाचं थोडक्यात सांगते. कॅनव्हास आला तेव्हा त्याच्या जोडीला आवाजाची धड सोय नव्हती. एक ब्राउझर एमपी३ वाजवायचा, दुसरा ऑग प्रकारची फाइल, आणि बटण दाबल्यावर आवाज मागाहून यायचा. वेब ऑडिओ या ब्राउझरमधल्या आवाजाच्या नव्या सोयीमुळे ते सुधारलं. मग २०१८ मध्ये क्रोमने नियम आणला की वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय पानाने आवाज करू नये. जाहिरातींच्या गोंगाटाचा विचार केला तर नियम योग्यच आहे, पण त्या झटक्यात कितीतरी चांगले वेब खेळ मुके झाले, कारण ते लिहिणारे केव्हाच दुसऱ्या कामांना लागले होते.

एक गोष्ट मात्र आज निखळ आनंदाची. जुन्या खेळातल्या सूचना देवनागरीत होत्या आणि त्या मी मजकूर म्हणून टाकूच शकले नव्हते. फॉन्ट आत घातला की जोडाक्षरं सुटी पडायची आणि पहिली वेलांटी भलत्या बाजूला जायची. म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे मी चित्र म्हणून काढलं होतं, प्रत्येक अक्षर रेषांचं. कॅनव्हासला तेच वाक्य नुसतं दिलं आणि ते नीट उमटलं, जोडाक्षरांसह. अक्षरं जुळवणारी ब्राउझरची सगळी यंत्रणा मागे उभी असते. मी ती ओळ उगाचच चार वेळा बदलून बघितली.

हे सगळं ब्राउझरला जमायला लागलं त्याची मुळं २००८ च्या सुमाराला आहेत. क्रोम आला आणि त्यातलं व्ही८ हे इंजिन जावास्क्रिप्ट चालतानाच तिचं यंत्रभाषेत रूपांतर करू लागलं. इतर ब्राउझरही त्या चढाओढीत उतरले, आणि किरकोळ कामांची ती भाषा पाहता पाहता दणकट झाली. मे २०१० मध्ये पॅक-मॅनच्या तिसाव्या वाढदिवसाला गूगलने मुखपृष्ठावरच तो खेळ ठेवला, आवाज सोडला तर प्लगइनशिवाय चालणारा. मी कामाच्या वेळात तो खेळले आणि मग पानाचा कोड उघडून बसले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये वेबजीएलचं पहिलं मानक आलं आणि ग्राफिक्स कार्ड थेट पानाच्या हाती लागलं. त्याची सुरुवात फायरफॉक्स करणाऱ्या मोझिलात व्लादिमिर वुकिचेविचने केलेल्या प्रयोगांतून झाली होती. वेबसॉकेटमुळे पान आणि सर्व्हर यांच्यात एक वाट कायम उघडी राहू लागली. २०१५ मधलं अगारडॉटआयओ, म्हणजे एकमेकांना गिळत मोठे होणारे ते गोळे, हे त्याच वाटेवरचं.

मोझिलातल्याच अलोन झकाईने एम्स्क्रिप्टन हे अवजार केलं, ज्याने सी आणि सी++ या भाषांमधले प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये उतरवता येऊ लागले. २०१३ मध्ये जावास्क्रिप्टच्याच एका काटेकोर पोटभाषेत, एएसएमडॉटजेएसमध्ये, मोठे खेळ ज्यावर बनतात ते अनरियल इंजिन ३ फायरफॉक्सवर चालवून दाखवलं. चार दिवसांत ते उतरवलं होतं. त्यातून पुढे वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझर वेगाने चालवू शकेल अशी यंत्रभाषेजवळची भाषा, उभी राहिली, चारही मोठ्या ब्राउझरांनी २०१७ मध्ये ती घेतली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती वेबचं अधिकृत मानक झाली. माझ्या मुंगीला यातल्या कशाचीच गरज नव्हती. पण लक्षात ठेवा, वेबअसेंब्ली शेवटी परत येते.

फ्लॅशचं जाणं अटळ होतं का? माझ्या मते होय. त्याच्या सुरक्षेत भोकं सापडत राहिली, तो एका कंपनीच्या मालकीचा होता, आणि त्यातले खेळ माऊस आणि कळफलक गृहीत धरून केलेले. बोटाने चालणाऱ्या पडद्यावर ‘माऊस वर आणला की’ या वाक्याला अर्थच उरत नाही. आयफोनने तो कधी घेतलाच नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी अडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅश प्लेअरचं काम थांबवलं. ब्राउझरांनीही जुन्या प्लगइनांचं दार बंद केलं, क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. जावा ॲप्लेटही त्याच दाराबाहेर राहिले. उशीर लागणारी, भांडत भांडत ठरणारी खुली मानकं एका कंपनीच्या प्लगइनपेक्षा जास्त टिकतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. १९९० च्या दशकातलं साधं पान आजही उघडतं.

तरी माझं दुःख आहे ते असं. प्लेअरची जागा ब्राउझरने भरून काढली, उलट आज तो त्यापेक्षा कितीतरी जास्त करतो. पण ज्या खिडकीत मी मुंगी काढली आणि तिच्यावरच क्लिक करून तिला कसं वागायचं ते सांगितलं, त्या खिडकीची जागा तशी भरली गेली नाही. फ्लॅशचा संपादक २०१६ मध्ये ॲनिमेट झाला, कॅनव्हाससाठी फाइलही काढून देतो. पण तो आता प्रामुख्याने ॲनिमेशन करणाऱ्यांचा झाला आहे. आज वेब खेळ करायला बसलेला माणूस आधी कोडची रिकामी फाइल उघडतो किंवा एखादं भलंमोठं इंजिन. चित्र दुसऱ्या प्रोग्राममधून तयार होऊन येतं. चित्र काढता काढता चुकून प्रोग्रामर होण्याची वाट मोडली.

त्या वाटेची सगळ्यात जवळची खूण मला कुठे दिसते सांगू? एमआयटी विद्यापीठात जन्मलेल्या स्क्रॅचमध्ये. मुलांसाठीचं म्हणून आपण ते बाजूला ठेवतो, पण मांजर काढा, तिच्यावर क्लिक करा, तिच्यासाठीच्या सूचना जोडा, हे तेच आहे. स्क्रॅचची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर होती. जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आली ती पूर्ण जावास्क्रिप्टमध्ये लिहून. म्हणजे वाट बांधता येते.

आणि एक गोष्ट फ्लॅशला कधीच साधली नव्हती, तीही सांगायला हवी. मार्च २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलाने शनिवार-रविवारात ‘२०४८’ नावाचा, आकड्यांचे चौकोन सरकवून जोडायचा खेळ लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. काही दिवसांत त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. मी स्वतः त्याचा कोड वाचून चौकोन सरकवायचं गणित शिकले, पुढचा चौकोन मागच्याच्या आधी कसा हलवायचा ते. फ्लॅशच्या बंद फाइलीतून असं शिकायला डीकंपायलर लागायचा, आणि त्यातही नावं पुसलेली. २०२१ मध्ये जॉश वॉर्डलने वर्डल आणला तेव्हा तर येणाऱ्या सगळ्या दिवसांचे शब्द पानाच्या कोडमध्येच होते, बघायचेच तर कुणालाही दिसतील असे. तरी लाखो माणसं रोज एकच शब्द ओळखून थांबायची. मला ते फार आवडलं होतं.

एप्रिलमध्ये माझी मुंगी पूर्ण झाली. बाराही भिंती, पाणी, पाल, वारूळ. त्याच सुमाराला एका ओळखीच्याने रफल सुचवलं. रफल म्हणजे रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेला, खुल्या कोडचा फ्लॅश प्लेअर, जो वेबअसेंब्लीच्या रूपाने कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच आधाराने जुने फ्लॅश खेळ चालवायला सुरुवात केली होती. मी १८४ किलोबाइटची ती फाइल त्यात टाकली. साइटलॉकवर अडली. ते काढून पुन्हा टाकली, आणि माझी जुनी मुंगी जशीच्या तशी चालायला लागली. पायांची तीच लगबग. तीन महिने मी जे परत उभं करत होते ते समोर आयतं होतं, आणि मला रडूच आलं. कुणीतरी अनोळखी माणसांनी, पैसे न घेता, माझ्यासारख्या हजारो लोकांचं हरवलेलं उघडून दिलं होतं.

मग दोन्ही खिडक्या शेजारी मांडल्या, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, आणि एकेक भिंत ताडून पाहिली. सातव्या भिंतीवर एक अरुंद कपार आहे. डावीकडची मुंगी तिथे एका उडीत पोहोचायची. उजवीकडची एक ठिपका कमी पडून घसरायची. आकडे तेच, झटका तोच, ओढ तीच, २४ पायऱ्याही त्याच. चार रात्री त्यात गेल्या.

कारण फाइलच्या पोटात होतं. फ्लॅश जागा ट्विपमध्ये साठवतो, म्हणजे एका ठिपक्याचा विसावा भाग. त्याहून बारीक काही तो ठेवतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये असं काही बंधन नाही, तिथे माझा अपूर्णांक शेपटीसकट जपला जात होता. जुनी मुंगी दर पायरीला विसाव्या भागावर येऊन टेकत होती आणि उडी संपेपर्यंत त्या टेकण्यांची बेरीज बरोबर एका ठिपक्याएवढी व्हायची. २००७ मध्ये ती कपार मी हाताने, खेळून खेळून बसवली होती, त्या ठिपक्यासकट.

नव्या कोडमध्ये एक ओळ घातली: दर पायरीला मुंगीची जागा ठिपक्याच्या विसाव्या भागावर आणायची. सातवी भिंत पुन्हा उघडली, कपारीखाली उभी केली आणि वरचा बाण दाबला. दाणा तोंडात धरून ती वर गेली आणि कपारीत बसली.